सांडपाण्याचं विरजण: घाण खाणारे जीवाणू आणि मागे उरणारा अमोनिया

"मॅडम, पाणी काचेसारखं आहे, रिपोर्टही पास आहे. मग फ्लश केला की मुतारीसारखा वास का मारतो?"

पुण्यातल्या एका मोठ्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे विचारलं तेव्हा आम्ही दोघं तळघरात, एसटीपीच्या, म्हणजे सोसायटीचं सांडपाणी शुद्ध करून फ्लशसाठी परत देणाऱ्या केंद्राच्या, टाकीवरच्या लोखंडी जाळीवर उभे होतो. त्यांच्या हातात प्रयोगशाळेचा कागद होता: बीओडी, म्हणजे घाणीचं माप, आठ, तरंगते कण नगण्य, पीएच जरा कमी पण चालण्यासारखा. माझ्या हातातल्या बाटलीतलं पाणी खरोखरच नितळ होतं. मी पिशवीतून अमोनिया मोजायचं छोटं किट काढलं, नमुना दहापट पातळ केला, थेंब टाकले आणि थांबले. थोड्याच वेळात नळी गर्द हिरवी झाली. लिटरमागे तीस मिलिग्रॅमच्या वर अमोनिया! आणि त्या कागदावर अमोनियाचा रकानाच नव्हता.

सोसायट्यांचे एसटीपी तपासायचं काम मी बरीच वर्षं करते आहे आणि हा प्रसंग मला नवीन नाही. सांडपाणी शुद्ध करणं हे एकच काम आहे असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती दोन कामं आहेत. ती वेगवेगळे जीवाणू करतात, बऱ्याचदा एकाच टाकीत. पहिलं काम लवकर जमतं आणि डोळ्यांना दिसतं. दुसरं सावकाश होतं, दिसत नाही, आणि म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या कामाबद्दल आहे, पण पहिल्याशिवाय ते समजणार नाही.

बीओडी म्हणजे भुकेचं माप

घरातून जे सांडपाणी निघतं त्यात हजारातले नऊशे नव्व्याण्णव भाग पाणीच असतं. सगळा त्रास उरलेल्या एका भागाचा. खरकट्या ताटांचं पाणी, तेल, साबण, विष्ठा, लघवी. यातला बराचसा भाग सेंद्रिय असतो, म्हणजे कुणाचं तरी अन्न होऊ शकतो. पाण्यातले जीवाणू तो खातात, आणि खाताना आपल्यासारखाच प्राणवायू वापरतात. ही घाण पचवायला जीवाणूंना किती प्राणवायू लागेल, त्या आकड्याला बीओडी म्हणतात. बंद बाटलीत नमुना ठेवायचा, सुरुवातीला आणि शेवटी विरघळलेला प्राणवायू मोजायचा, फरक काढायचा. इंग्लंडमध्ये ही बाटली पाच दिवस ठेवायची पद्धत पडली. आपल्याकडे हवा उष्ण, जीवाणूंचं काम जलद, म्हणून भारतात २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस ठेवतात.

आता एक छोटा हिशेब करू, कारण त्याच्याशिवाय या विषयाचं गांभीर्य कळत नाही. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरमागे साधारण २५० मिलिग्रॅम असतो. तीस अंशांच्या स्वच्छ पाण्यात प्राणवायू विरघळून विरघळून किती मावतो? लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. म्हणजे एक लिटर सांडपाणी तसंच नदीत सोडलं तर ते तेहतीस लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकू शकतं. मासे घाणीने मरतात असं आपण म्हणतो. पुष्कळदा ते गुदमरून मरतात.

मग उपाय काय? जे नदीत होणार आहे ते आधीच टाकीत करून घ्यायचं. जीवाणूंना तिथेच जेवू घालायचं आणि प्राणवायू बाहेरून पुरवायचा. एसटीपीतला ब्लोअर तेच करतो. तळाशी डिफ्यूजर असतात, त्यांच्यातून हवेचे बारीक बुडबुडे निघतात, आणि पाणी सतत घुसळलं जातं.

मँचेस्टरच्या बाटल्या

सांडपाण्यात हवा फुंकायची कल्पना जुनी होती. अडचण अशी की त्याला वेळ फार लागायचा. १९१२ साली गिल्बर्ट फाउलर हे इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या लॉरेन्सच्या प्रयोग केंद्रात गेले होते. तिथे सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग चालले होते. परत आल्यावर त्यांनी मँचेस्टरच्या डेव्हीह्यूम सांडपाणी केंद्रातल्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांना तसेच प्रयोग करायला सांगितले.

दोघांनी बाटल्यांत सांडपाणी भरलं, शेवाळ धरू नये म्हणून बाटल्यांना उजेड लागू दिला नाही, आणि हवा सोडत राहिले. पाणी पूर्ण शुद्ध व्हायला, म्हणजे त्यातला अमोनियासुद्धा संपायला, सुमारे पाच आठवडे लागले. पाच आठवडे पाणी साठवून ठेवायला कुठल्या शहराकडे जागा असणार? इथपर्यंत निकाल निराशेचाच होता.

पण मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचं नितळ पाणी ओतून दिलं, तळाशी बसलेला तपकिरी गाळ मात्र फेकला नाही. त्याच गाळावर ताजं सांडपाणी ओतलं आणि पुन्हा हवा सुरू केली. या वेळी वेळ कमी लागला. पुन्हा तेच केलं, आणखी कमी. असं करत करत पाच आठवड्यांचं काम एका दिवसाच्या आत होऊ लागलं. १९१४च्या एप्रिलमध्ये त्यांनी मँचेस्टरमध्ये हा शोध मांडला. जग आजही सांडपाणी मुख्यतः याच रीतीने शुद्ध करतं.

मराठी घरात हे कुणाला समजावून सांगावं लागू नये. हे विरजण आहे. दूध नुसतं ठेवलं तर कधी नासेल, कधी आंबेल, सांगता येत नाही. कालच्या दह्यातला चमचाभर घातला की रात्रीत कवडी लागते. तो तपकिरी गाळ म्हणजे कोट्यवधी जीवाणूंचे कापसासारखे पुंजके. जीवाणू एकेकटे पोहत राहिले असते तर पाण्याबरोबर वाहून गेले असते. ते एकमेकांना चिकटून पुंजके करतात, पुंजका जड होतो, खाली बसतो, आणि म्हणून तो वेगळा काढून पुन्हा पहिल्या टाकीत आणता येतो. एसटीपीतली दुसरी टाकी, जिथे हवा नसते आणि सगळं शांत असतं, ती याच कामाची. तिच्या तळातून हा गाळ, म्हणजे स्लज, उचलून सतत मागे पाठवणारा पंप बंद पडला तर विरजणच संपतं.

फाउलर पुढे १९१६ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवायला आले. या शास्त्राचा भारताशी संबंध इतका जुना आहे, आणि तो आपल्याला फारसा माहीत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

दुसरी पंगत

आता अमोनियाकडे. डाळ, दूध, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांमध्ये नायट्रोजन असतो. शरीराला नको असलेला नायट्रोजन आपण मुख्यतः लघवीतून युरियाच्या रूपात टाकतो. गटारात पोहोचेपर्यंत जीवाणू युरिया फोडतात आणि त्याचा अमोनिया होतो. सार्वजनिक मुतारीत नाकाला झोंबतो तो हाच. केंद्र सरकारच्या सांडपाण्याच्या नियमपुस्तिकेत एका माणसामागे दिवसाला २७ ग्रॅम बीओडी आणि ५.४ ग्रॅम नायट्रोजन धरलेला आहे. सत्तावीसच्या शेजारी पाच हा आकडा किरकोळ वाटतो. तो किरकोळ का नाही, ते पुढे येतंच आहे.

अमोनिया पाण्यात कसा नाहीसा होतो हे आधी कुणालाच कळत नव्हतं. जमिनीत शेणखत घातलं की सोरा, म्हणजे नायट्रेटचं मीठ, तयार होतो हे माहीत होतं, पण ती नुसती रासायनिक क्रिया समजली जायची. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लोसिंग आणि म्युंट्झ यांनी वाळू भरलेल्या नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपत ठेवलं. वीस दिवस काहीच घडलं नाही. मग एकाएकी खालून येणाऱ्या पाण्यात नायट्रेट दिसू लागलं आणि अमोनिया जाऊ लागला. नुसती रसायनं वीस दिवस दम धरत नाहीत. ती पहिल्या दिवसापासूनच कामाला लागली असती. त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, काम थांबलं. नंतर बागेतली माती कालवलेलं पाणी घातलं, काम पुन्हा सुरू झालं. म्हणजे हे काम करणारं कुणीतरी जिवंत होतं. १८९०च्या सुमारास विनोग्राद्स्की यांनी ते जीवाणू वेगळे करून दाखवले. एक गट अमोनियाचा नायट्राइट करतो, दुसरा त्या नायट्राइटचा नायट्रेट. पुस्तकांत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही जोडी ठरलेली असते. एसटीपीच्या टाक्यांत दुसऱ्या जागी पुष्कळदा नायट्रोस्पायरा सापडतो. आणि दोन्ही पायऱ्या एकटाच चढणारा नायट्रोस्पायरा २०१५ साली सापडला. सव्वाशे वर्षं अभ्यासलेल्या विषयातही अशी भर पडते.

हे जीवाणू घाण खात नाहीत. त्यांचं जगणं निराळं आहे. अमोनियाला प्राणवायू जोडताना जी थोडीशी ऊर्जा मिळते तेवढ्यावर ते राहतात, आणि शरीर बांधायला लागणारा कार्बन झाडांसारखा कार्बन डायऑक्साइडमधून मिळवतात. म्हणजे मजुरी थोडी, आणि घराच्या विटाही स्वतःच भाजायच्या. साहजिकच त्यांची वाढ संथ. घाण खाणारे जीवाणू भरपूर अन्न मिळालं तर तासा-दोन तासांत दुप्पट होतात. यांना दुप्पट व्हायला सगळं मनासारखं असतानाही दिवसभर लागतो, आणि प्रत्यक्ष टाकीत त्याहून जास्त.

शिवाय यांचा नंबर दुसऱ्या पंगतीत लागतो. सांडपाणी टाकीत आलं की आधी बीओडी खाणारे त्याच्यावर तुटून पडतात आणि हवाही तेच ओढून घेतात. अमोनियावाल्यांना प्राणवायू बराच मुबलक लागतो. पाण्यात लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या आसपास विरघळलेला प्राणवायू असावा असं आम्ही धरतो. तो एकच्या खाली गेला की पहिल्या पंगतीचं जेवण चालू राहतं आणि दुसरी पंगत उपाशी उठते. पाणी नितळ येतं, बीओडी कमी येतो, अमोनिया मात्र तसाच. त्या सोसायटीत नेमकं हेच चाललं होतं.

शेतकऱ्यांना हे जीवाणू वेगळ्या बाजूने परिचयाचे आहेत. शेतात टाकलेल्या युरियाचा अमोनिया होतो, आणि मातीतले हेच जीवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट मातीला धरून राहत नाही, पावसाच्या पाण्याबरोबर खाली उतरतं, आणि पैसे पाण्यात जातात. म्हणून या जीवाणूंचा वेग कमी करायला युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप देतात. २०१५ पासून देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला तो सक्तीचा झाला. शिवारात ज्यांना आपण आवरतो, त्यांनाच तळघरातल्या टाकीत हात जोडून म्हणावं लागतं की बाबांनो, जरा भरभर करा.

हवा, वय आणि सोडा

आता त्या पाच ग्रॅमांचा हिशेब. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला ४.५७ ग्रॅम प्राणवायू लागतो. पाचातला एखादा ग्रॅम नायट्रोजन जीवाणूंच्या शरीरात जातो असं धरलं तरी उरलेल्या चारेक ग्रॅमांसाठी अठरा ग्रॅमच्या आसपास प्राणवायू हवा. बीओडीच्या २७ ग्रॅमच्या शेजारी हे अठरा ग्रॅम ठेवून बघा. किरकोळ वाटणाऱ्या नायट्रोजनची भूक घाणीच्या दोन-तृतीयांश आहे. ब्लोअर निवडताना ज्याने फक्त बीओडी धरला, त्याने हवा कमीच दिली.

याचा आणखी एक अर्थ आहे. बीओडी आठ असलेल्या त्या नितळ पाण्यात समजा ३५ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन उरला आहे. हे पाणी ओढ्यात गेलं की तिथले जीवाणू त्याच्या प्रत्येक लिटरमागे आणखी १६० मिलिग्रॅम प्राणवायू वापरणार. कागदावर जे पाणी पास झालं, त्यात अजून वीसेक लिटर स्वच्छ पाण्याचा प्राणवायू संपवायची ताकद आहे. शिवाय अमोनिया माशांना स्वतःही विषारी असतो, आणि तो किती विषारी ठरेल हे पीएचवर अवलंबून. पंचवीस अंशांना पीएच सात असेल तर शंभरातला एक भागसुद्धा विषारी रूपात नसतो. पीएच नऊ झाला की तिसऱ्या हिश्शाहून जास्त असतो. हिरव्यागार तळ्यात दुपारच्या उन्हात शेवाळ पीएच चढवतं. सकाळी पोहणारे मासे दुपारनंतर काठाला का लागतात, त्याचं एक कारण इथे सापडतं.

हवेनंतर महत्त्वाचं म्हणजे स्लजचं वय. जीवाणू वाढतात, स्लज दाट होतो, म्हणून रोज थोडा काढावा लागतो. टाकीतल्या स्लजचा रोज दहावा हिस्सा काढला तर एक जीवाणू सरासरी दहा दिवस टाकीत राहतो. रोज अर्धा काढला तर फक्त दोन दिवस. जे दिवसातून अनेकदा दुप्पट होतात त्यांना अर्धा काढल्याने फरक पडत नाही. ज्यांना दुप्पट व्हायलाच दोन-तीन दिवस लागतात, त्यांचं कुटुंब रोज घटत जातं आणि आठवड्याभरात टाकीतून नाहीसं होतं. आपल्या हवेत आठ-दहा दिवसांचं वय सांभाळलं तर सहसा भागतं, थंड देशांत हिवाळ्यात याहून बरंच जास्त लागतं. ही गोष्ट आपल्या बाजूची आहे. युरोपातले लोक ज्या उबेसाठी धडपडतात ती आपल्याला फुकट मिळते.

या संथ जीवाणूंना बसायला घर दिलं तर ते वाहून जात नाहीत, या विचारातून नॉर्वेत १९८०च्या दशकाच्या अखेरीस एमबीबीआर ही पद्धत आली. टाकीत प्लास्टिकच्या छोट्या, चाकासारख्या कडा असलेल्या चकत्या सोडायच्या. त्यांना मीडिया म्हणतात. आतल्या खोबणींत जीवाणूंचा तपकिरी थर धरतो. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांमध्ये हे पुष्कळ दिसतं. चकती हातात घेऊन बघा. आत मऊ, तपकिरी साय धरलेली असावी. पांढरी, कोरी चकती म्हणजे घर रिकामं.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यापाशी अनुभवी माणसंही अडखळतात. अमोनियाचं नायट्रेट होताना आम्ल तयार होतं. ते शोषून घेणारा क्षार पाण्यात हवा. एक ग्रॅम नायट्रोजनमागे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सात ग्रॅमहून थोडा जास्त. ३५ मिलिग्रॅमसाठी २५० मिलिग्रॅम. बोअरच्या जड पाण्यात हा क्षार सहसा असतो. धरणाच्या मऊ पाण्यात, जे पावसाचंच पाणी सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून वाहून आलेलं असतं, तो पुरेसा नसतो. मग पीएच उतरत जातो, साडेसहाच्या खाली गेला की हे जीवाणू आखडतात, आणि माणूस ब्लोअर तपासत बसतो. उपाय स्वयंपाकघरातला आहे: खायचा सोडा. मोठ्या प्रमाणावर चुनाही चालतो, पण तळघरात सोडा हाताळायला सोपा. रिपोर्टवरचा "जरा कमी पण चालण्यासारखा" पीएच मला त्या दिवशी खटकला तो यामुळे. थोडाफार अमोनिया जळत होता, आणि तेवढ्यातच क्षार संपत आला होता.

नायट्रेटचं काय?

अमोनियाचं नायट्रेट झालं म्हणजे प्राणवायूची भूक भागली, पण नायट्रोजन पाण्यातच आहे. नदीतल्या जलपर्णीला तो तसाही आवडतो. मुळा-मुठेवर उन्हाळ्यात हिरवा गालिचा पसरतो त्याला खतपाणी सांडपाण्यातल्या नायट्रोजन आणि फॉस्फरसचंच. भूजलात नायट्रेट उतरलं तर पिण्याच्या पाण्याची ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते.

इथे निसर्गाने फार सुंदर सोय केली आहे. घाण खाणाऱ्या जीवाणूंपैकी बऱ्याच जणांना हवा मिळाली नाही तर ते नायट्रेटमधला प्राणवायू काढून श्वास घेतात. मागे राहतो निव्वळ नायट्रोजन वायू. आपल्या हवेत चार भागांपैकी तीनांहून जास्त तोच आहे, तो बुडबुडा होऊन निघून जातो. फक्त या जीवाणूंना त्याच वेळी अन्नही हवं. शुद्ध झालेल्या पाण्यात अन्न उरलेलं नसतं. म्हणून हवा नसलेली टाकी सगळ्यात आधी ठेवतात, ताजं सांडपाणी तिच्यात येतं, आणि हवेच्या टाकीतलं नायट्रेटवालं पाणी पंपाने मागे आणून तिच्यात सोडतात. उलटी वाटणारी ही मांडणी दक्षिण आफ्रिकेत जेम्स बर्नार्ड यांनी १९७०च्या दशकात पक्की केली. तिचा दुहेरी फायदा आहे. जेवढं नायट्रेट असं मोडतं, त्यामागे खर्ची पडलेला क्षार निम्मा परत मिळतो आणि प्राणवायूचीही साठेक टक्के भरपाई होते. म्हणजे सोडाही वाचतो आणि विजेचं बिलही.

याहून आखूड वाटही आहे. हवेशिवाय अमोनिया आणि नायट्राइट यांची सांगड घालून थेट नायट्रोजन वायू करणारे जीवाणू १९९०च्या दशकात नेदरलँड्समध्ये सापडले, आणि २००२ साली रॉटरडॅममध्ये त्यांच्यावर पहिला मोठा प्रकल्प उभा राहिला. त्यांना अमोनिया दाट आणि पाणी उबदार लागतं, त्यामुळे सोसायटीच्या पातळ सांडपाण्यासाठी त्यांचा विचार करायची वेळ अजून आलेली नाही.

त्या तळघरात

सेक्रेटरींना मी विचारलं, "ब्लोअर रात्री चालू असतो का?" उत्तर ऑपरेटरने दिलं. तळमजल्यावरच्या घरांना आवाजाचा त्रास होतो आणि बिलही फार येतं, म्हणून कमिटीने रात्री अकरा ते सकाळी सहा बंद ठेवायला सांगितलं होतं. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. तास-दीड तास हवा थांबवणं काही ठिकाणी मुद्दाम करतात, नायट्रेट मोडायला. पण रोज सात तास म्हणजे दुसऱ्या पंगतीला रोजचाच उपास. त्यात महिन्याभरापूर्वी टाकी साफ करायच्या नावाखाली निम्म्याहून जास्त स्लज एकदम उपसला होता. पुन्हा भरायला शेण आणि गूळ टाकला होता. ही पद्धत सगळीकडे आहे, पण शेणातले जीवाणू गाईच्या पोटातले, बिनहवेच्या जागी राहणारे. गुळावर घाण खाणारे पोसतात, अमोनियावाल्यांना त्याचा उपयोग नाही. विरजण हवं तर ते चालू एसटीपीतूनच आणावं.

आणि वासावर इलाज म्हणून हायपोचा, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाचा, डोस वाढवत नेला होता. क्लोरीन अमोनियाला भेटला की आधी त्याचं क्लोरामाइन होतं, आणि तीव्र वास येतो तो त्याचाही. क्लोरीनने अमोनिया पुरता संपवायचा तर एका मिलिग्रॅमला साडेसात मिलिग्रॅमहून जास्त क्लोरीन लागतो. तीस मिलिग्रॅम अमोनिया असलेल्या पाण्यात लिटरमागे सव्वादोनशे मिलिग्रॅम! इतका हायपो कुठलीही सोसायटी ओतणार नाही, आणि ओतूही नये.

रिपोर्टमध्ये अमोनियाचा रकाना नसण्याचं मूळ सरकारी नियमांत आहे. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने एसटीपीसाठी जो मसुदा काढला होता त्यात अमोनिया आणि एकूण नायट्रोजन दोन्हींची मर्यादा होती. ऑक्टोबर २०१७च्या अंतिम नियमांत पीएच, बीओडी, तरंगते कण आणि विष्ठेतले जीवाणू एवढंच राहिलं. राष्ट्रीय हरित लवादाने ३० एप्रिल २०१९च्या आदेशात एकूण नायट्रोजनसाठी दहा मिलिग्रॅमची मर्यादा पुन्हा आणली. माझं म्हणणं एवढंच आहे की आदेशाची वाट बघू नका. नमुना द्यायला जाल तेव्हा प्रयोगशाळेला अमोनिया-नायट्रोजन, नायट्रेट आणि अल्कलिनिटी (आम्ल शोषणारा तो क्षार) हे तीन शब्द जास्त सांगा. या तीन आकड्यांवरून दुसरी पंगत बसली की नाही ते लगेच कळतं.

आम्ही ब्लोअरला आवाज कमी करणारं आच्छादन करून घेतलं आणि तो रात्रीही चालू ठेवला. नीट चालणाऱ्या दुसऱ्या एका एसटीपीतून टँकरभर स्लज आणून टाकीत सोडला. स्लज काढणं तीन आठवडे बंद. ऑपरेटर रोज सकाळी पीएच बघायचे आणि लागेल तसा सोडा विरघळवून घालायचे. दुसऱ्या आठवड्यात नायट्राइटच्या किटवर गुलाबी रंग आला, म्हणजे पहिली पायरी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात तो फिका पडत गेला आणि नायट्रेट चढू लागलं. अमोनिया बाविसावर, मग अकरावर.

चौथ्या आठवड्यात मी गेले तेव्हा ऑपरेटरनी नेहमीप्रमाणे हवेच्या टाकीतलं लिटरभर पाणी काचेच्या नळकांड्यात भरून ठेवलं. ही तीस मिनिटांची चाचणी त्यांच्या हातात बसलेली आहे. पहिल्या दोन-तीन मिनिटांत पुंजके एकमेकांत गुंतले, मग वरच्या बाजूला एक रेघ उमटली आणि ती हळूहळू खाली सरकू लागली. अर्ध्या तासाने स्लज २८०च्या खुणेवर, वर स्वच्छ पाणी. आम्ही चहाला गेलो. तासाभराने परत आलो तर ते घाबरलेले. "मॅडम, हे बघा, बसलेला स्लज सगळा वर आला! काहीतरी बिघडलं."

मी वाकून बघितलं. तपकिरी थर सबंधच्या सबंध वर तरंगत होता आणि त्याच्या पोटात टाचणीच्या टोकाएवढे बुडबुडे अडकले होते. काडीने ढवळलं तर बुडबुडे सुटले आणि थर पुन्हा खाली निघाला. नळकांड्यातला प्राणवायू संपल्यावर जीवाणूंनी नायट्रेटवर श्वास घ्यायला सुरुवात केली होती, आणि ते बुडबुडे नायट्रोजनचे होते. नायट्रेट भरपूर झाल्याशिवाय हे घडत नाही. मी ते ऑपरेटरना समजावलं, मग किट काढलं. थेंब टाकल्यावर नळी फिकट पिवळी राहिली, हिरवी झालीच नाही.

त्या दुपारी आम्ही हायपोच्या पंपाचा डोस निम्म्यावर आणला.